ती आत जाते

अर्धं नाटक वाचून झालं होतं आणि अजून कोणी कोणावर ओरडलं नव्हतं, म्हणून मास्तरीण जरा निर्धास्त झाली होती.

तालमीच्या हॉलमध्ये टेबलं जोडून सगळे बसले होते. खालच्या मजल्यावर सुतार नेपथ्याच्या चौकटी ठोकत होते. हातोडा थांबला की हॉल एकदम मोठा वाटायचा, सुरू झाला की सगळ्यांचे आवाज आपोआप चढायचे. पहिलं वाचन घरच्यांनीच करायचं आणि बाहेरच्या नटांना दुसऱ्या दिवशी बोलवायचं, ही आजोबांनी घालून दिलेली शिस्त. आजोबा गेले, नाटकमंडळी निम्मी झाली, पण शिस्त तेवढी टिकली होती.

नाटकाला नाव होतं, पण घरात त्याला कोणी त्या नावानं हाक मारत नसे. घरात ते नुसतं 'ग्रीक' होतं. 'यंदा ग्रीक लावायचं का?' 'ग्रीकचे मुकुट कुठं ठेवलेत?' गोष्ट अशी की एक शहर लढाई हरतं, आणि तहाची अट म्हणून राजाच्या धाकट्या मुलाला शत्रूच्या हवाली करायचं ठरतं. थोरली बहीण त्याला वेशीपर्यंत सोडायला येते. आजोबांनी मराठीत आणलेलं हे नाटक दोन पिढ्या चाललं, आणि चाललं ते त्या वेशीवरच्या एका भाषणावर. आत्या ते म्हणायची. लोक ते ऐकायला पुन्हा पुन्हा यायचे.

यंदा मात्र नवं भाषांतर होतं, आणि ते मास्तरणीनं केलं होतं. लहानपणी ती येणाऱ्या-जाणाऱ्याचे उच्चार सुधारायची म्हणून हे नाव पडलं. पुढे ती खरोखरच विद्यापीठात ग्रीक आणि लॅटिन शिकवायला लागली, तेव्हा चिडवायची सोयच राहिली नाही.

आत्या बहिणीचं काम वाचत होती. प्रयोगात ती दाई होणार होती. बहिणीसाठी नवी मुलगी घेतली होती. पण पहिल्या वाचनाला ती पानं दुसऱ्या कोणापुढे ठेवायची छाती घरात कोणाचीच नव्हती. समोर काका भावाचं वाचत होता. तरुणपणी त्यानंच ते केलं होतं, मग जहाजावर नोकरी धरून तो गेला तो तिकडेच राहिला, आणि गेल्या महिन्यात अचानक परत आला होता. थिएटरजवळच्या हॉटेलात उतरला होता. 'घरी ये' असं त्याला कोणी म्हणालं नव्हतं, 'येऊ का' असं त्यानंही विचारलं नव्हतं. बाबा दिग्दर्शक, म्हणून ते सूचना आणि उरलेल्या भूमिका वाचत होते. आईच्या गळ्यात मोजमापाची टेप होती आणि वाट्याला गायकवृंदाची गाणी आली होती. हवामानाचा अंदाज वाचावा तशी ती गाणी वाचत होती.

वेशीवरचा प्रवेश आला. काकानं भावाचं शेवटचं वाक्य वाचलं. "सुखी राहा."

"ती आत जाते," बाबांनी सूचना वाचली.

"हे समुद्रा, तुला ना दार ना उंबरा..." आई सुरू झाली.

"थांब गं जरा," आत्या म्हणाली. तिनं पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, बोटाला थुंकी लावून दोन पानं चिकटली आहेत का ते पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. "माझं एक पान गळलंय."

मास्तरणीनं आपली प्रत मिटली. संहिता सगळ्यांना पाठवून महिना झाला होता. बाबांनी 'वाचली, झकास' असा निरोप दिला होता. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, तर ते स्वतःच्या प्रतीतलं गळलेलं पान शोधत होते.

"गळलं नाहीये, आत्या," ती म्हणाली. "तिथं काही नाहीच."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे ग्रीकमध्ये बहीण काही बोलत नाही. भाऊ निरोप घेतो, ती आत जाते. बस."

खाली हातोडा थांबला होता. आत्या हसली. "वेडी का तू? आख्खं नाटक तिथं आहे."

"अगं, छापील पुस्तकात आहे ना ते!" बाबा म्हणाले.

"आपल्या पुस्तकात आहे. मूळ नाटकात नाही."

"म्हणजे अडीच हजार वर्षं ती बाई गप्प आहे आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"सगळ्यांच्याच आलं, बाबा. कोणालाच ते सहन झालं नाही." इथं मास्तरणीचा आवाज वर्गातला झाला, तो तिला थांबवता येत नसे. "लॅटिनमध्ये ज्यानं हे नाटक घेतलं त्यानं तिच्या तोंडी पानभर शिव्याशाप घातले. पुढे एका राजदरबारात प्रयोग झाला, तिथं तिला गाणं दिलं. नंतर एकानं तिला तिथल्या तिथं विष प्यायला लावलं, म्हणजे ती का बोलत नाही हा प्रश्नच मिटला. माझा सगळा प्रबंध त्याच्यावर आहे. त्या गप्प बसण्याचं पुढच्यांनी काय काय केलं, त्याच्यावर."

"आणि नानांनी भाषण दिलं," आत्या म्हणाली. आजोबांना त्यांची मुलं नाना म्हणायची. "नाना इतकं ग्रीक कोळून प्यायलेले, त्यांना दिसलं नसेल का तिथं काही नाही ते?"

मास्तरणीनं पेन्सिलीचं टोक तपासलं. "आजोबांना ग्रीक येत नव्हतं, आत्या."

"हळू बोल!" बाबा खालच्या जमिनीकडे बघत म्हणाले, जणू सुतार शिडी लावून ऐकत होते.

"त्यांनी लॅटिनवरून केलं. शाळेत शिकले होते तेवढ्या लॅटिनवर. आणि अडलं तिथं त्या दरबारी नाटकावरून. मला कळतं ना वाचताना. जिथं लॅटिनमध्ये चूक आहे, तिथं आजोबांचीही तीच चूक आहे."

"पण आपण पोस्टरवर छापलंय, 'मूळ ग्रीकवरून प्रथमच'..." बाबा बोलता बोलता थांबले. "प्रथमच."

"हो."

"मला वाटलं, प्रथमच म्हणजे या हंगामात."

कोणी हसलं नाही. आत्यानं पानं गोळा केली, टेबलावर ठोकून नीट केली, आणि उठून शेजारच्या कपडेपटाच्या खोलीत गेली. आईनं गाण्यांची पानं बाजूला सारली. मग नवऱ्याला म्हणाली, "पाठवलेलं नाटक वाचायचं असतं," आणि तीही आत गेली.

*

कपडेपटाच्या खोलीत इस्त्री तापत ठेवलेली होती. आईनं आधी ती बंद केली. आत्या खिडकीशी, धाग्यांच्या रिळांसमोर पाठ करून उभी होती.

या दोघींचं कधी जमलं नव्हतं. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा आत्या नाटकाची राणी होती, आणि राणीचे झगे शिवणं हे नव्या सुनेच्या वाट्याला आलं. किती वेळा ढिला, किती वेळा घट्ट. आईनं ते भाषण विंगेतून इतक्यांदा ऐकलं होतं की स्वयंपाक करताना ते तिच्या डोक्यात आपोआप वाजायचं आणि तिला राग यायचा. आज ते नाटकातून गेलं असं कळल्यावर खरं म्हणजे तिला बरं वाटायला हवं होतं. उलट लेकीचाच राग येत होता, आणि हे तिचं तिलाही उमजत नव्हतं.

"वन्सं, मी सांगते तिला. घालेल ती परत. पुस्तकं वाचून वाचून या पोरींना..."

"मी इतकी वर्षं काय म्हणत होते मग?" आत्या वळली. रडलेली नव्हती. गोंधळलेली होती, चुकीच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसासारखी. "सांग ना. ते ग्रीक नाही. लॅटिनही नाही म्हणते ती, तिथं शिव्या आहेत. मग ते काय होतं?"

"नानांनी लिहिलं असेल मनानं."

"नाही." आत्या शिवणाच्या स्टुलावर बसली. "मला कधी कागदावर मिळालंच नाही ते; पुस्तकात छापलं ते फार नंतर. मी विचारच केला नव्हता गं याचा. इतकी वर्षं म्हटलं की वाटतं, दिलंच असेल कोणीतरी."

आई समोर बसली. टेप गळ्यातून काढून तिनं बोटाभोवती गुंडाळायला घेतली.

"तो जायचा होता ना, त्याच्या आदल्या दिवशीचा प्रयोग," आत्या म्हणाली. "नाटक सोडून जहाजावर चाललास तर या घराशी संबंध संपला, असं नाना त्याला म्हणाले होते. आणि आम्हाला सांगितलं, याच्याशी कोणी एक शब्द बोलायचा नाही. आठवडाभर एका ताटलीतलं उचलून जेवलो, पण शब्द नाही. तू नव्हतीस तेव्हा."

"नव्हते. मी पुढच्या वर्षी आले."

"मग तो प्रवेश आला. संहितेत काय होतं मला आठवतही नाही. बहुतेक शापच असतील. हा समोर उभा. उद्या नसणार. आणि मला एकदम लक्षात आलं, इथं मला बोलायला कोणी अडवू शकत नाही. म्हणून मी बोलले."

"आणि भाऊजी?"

"तो? ठोंब्यासारखा उभा! तोंडातून अक्षर नाही. अजून राग आहे मला त्याचा."

आईला त्या क्षणी तिच्या केसांवरून हात फिरवावा असं वाटलं. पण तशी सवय नव्हती, म्हणून तिनं आत्याच्या खांद्यावरचा दोरा उचलून टाकला.

*

बाहेर हॉलमध्ये बाबा येरझारा घालत होते, आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

"थांब. मला नीट सांग. तू म्हणतेस, ते भाषण ग्रीकमध्ये नाही."

"नाही."

"लॅटिनमध्ये नाही. त्या दरबारी नाटकात नाही. विषवाल्या नाटकात नाही."

"मी सगळीकडे शोधलं, बाबा. कुठंच नाही. माझ्या प्रबंधात एक पूर्ण प्रकरण आहे त्याच्यावर. त्या भाषणात बहीण मध्येच भावासारखं बोलते. 'माझी वाट पाहू नकोस' म्हणते. आता जातोय भाऊ, थांबणार आहे ही, मग हिची वाट कोण पाहणार? मी लिहिलंय की हे लॅटिन वक्तृत्वातून आलंय, बोलणारा दुसऱ्याचा आवाज आपल्या तोंडी घेतो ना, त्या पद्धतीतून. आपल्याकडच्या समीक्षकांनी तर त्याला दुभंगलेल्या मनाचं शिखर म्हटलंय."

"म्हणजे ते नानांचं स्वतःचं!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "अगं, आपण लाजतोय कशाला? ग्रीक येत नसेल त्यांना, नसू दे. जगात कोणाला जे सुचलं नाही ते आपल्या बापाला सुचलं. घालायचंच ते. पोस्टर बदलू."

"नानांनी नाही लिहिलं ते," काका म्हणाला.

सकाळपासून पुस्तकाबाहेरचं त्याचं हे पहिलंच वाक्य होतं. दोघंही वळले.

"मग?"

"मी म्हटलं ते. शेवटच्या प्रयोगात." काका टेबलाकडे बघत होता. "घरात कोणी बोलत नव्हतं माझ्याशी. ताईसुद्धा नाही. वेशीवर आलो आणि मला राहवेना. म्हणून मी जे मनात होतं ते म्हटलं. वाट पाहू नकोस म्हटलं. ताट मांडू नकोस म्हटलं."

"आणि आत्या?" मास्तरणीनं विचारलं.

"ती नानांना घाबरून गप्प उभी राहिली. नाटकातली बहीण ना, तुझ्या ग्रीकमधली, तशीच. एक शब्द नाही. मी तोच चेहरा घेऊन गेलो. पत्रं टाकावीशी वाटायची, पण तो चेहरा आठवायचा." त्यानं मान हलवली. "नंतर कोणीतरी सांगितलं, ताई एक भाषण म्हणते आणि लोक रडतात. मला वाटलं, माझंच घेतलंन की."

बाबा खुर्चीवर बसले. त्यांना तो प्रयोग चांगला आठवत होता, पण त्यांच्या आठवणीत या दोन्हींपैकी काहीच नव्हतं. त्या दिवशी ते पडद्याच्या दोरीशी होते. शेजारी नाना. ठरलेल्या वाक्यावर त्यांनी दोरी ओढायला घेतली आणि नानांनी त्यांचं मनगट धरलं. रंगमंचाकडे बाबांची पाठ होती; शब्द ऐकू येत नव्हते, प्रेक्षकांची शांतता तेवढी ऐकू येत होती. मग टाळ्या. आणि नाना म्हणाले होते, "ऐकलंस?" बाबांना वाटलं होतं, नानांनी या दोघांना गुपचूप नवा प्रवेश लिहून दिला आणि आपल्याला दोरी. जो घर सोडून निघाला त्यालासुद्धा प्रवेश, आणि जो राहणार त्याला दोरी. त्या एका संध्याकाळपासून आपण नट नाही हे त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आता हा म्हणतो, नानांनी काही लिहिलंच नव्हतं. मग आपण इतकी वर्षं रुसलो कोणावर?

"मला काहीच कळत नाहीये," ते म्हणाले, आणि हे दिग्दर्शक म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं.

दार उघडून आत्या बाहेर आली. मागे आई.

"मी ऐकलं सगळं," आत्या म्हणाली. "दार पातळ आहे. तू म्हटलंस?"

"हो. मी."

"तू तोंड उघडलं नव्हतंस!"

"तू उघडलं नव्हतंस, ताई. तू नानांकडे बघत होतीस. विंगेत."

"मी तुझ्याकडे बघत होते, मूर्खा! तुझ्या टाचेला पट्टी होती. नवे बूट चावले होते तुला. ते बघत होते मी."

काकानं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. टाचेला पट्टी होती हे त्याला आठवलं असावं.

"मग वाक्यं कोणाची?" आई म्हणाली.

मास्तरीण आळीपाळीनं सगळ्यांकडे पाहत होती. हस्तलिखितांत असा घोळ झाला की काय करायचं ते तिला ठाऊक होतं. दोन प्रती जुळत नाहीत, तिथं दोन्ही शेजारी ठेवायच्या. पण इथं दोन्ही प्रती एकमेकींवर ओरडत होत्या.

"एक करता का," ती म्हणाली. "उभे राहा दोघं. कागद नको. काका, तुम्ही इथं या. आत्या, तू तिथं, वेस आहे असं समज. आणि करा तो प्रवेश. जसं येईल तसं."

"नाटकं करायला सांगतेय बघ," आत्या पुटपुटली. पण उभी राहिली. काकाही उठला. तो भाव विसरला होता, हात कुठं ठेवायचे विसरला होता. सुतारांची जेवणाची सुट्टी झाली होती. खाली कोणी नव्हतं.

आत्यानं हवेत हात टेकवला, वेशीचं दार असावं तसा.

"दार लावू नकोस," काका म्हणाला.

आत्यानं लगेच, सवयीनं, पुढचं म्हटलं. "वारा येईल. येऊ दे."

"माझी वाट पाहू नकोस."

"मी कुठं पाहतेय वाट? मी नुसती दाराशी बसेन."

"ताट मांडू नकोस माझं."

"मांडेन. मला कोण विचारणार आहे?" आत्याचा आवाज इथं नेहमी चढायचा. आज तो खाली आला. "अंगणात कोणाची सावली..."

तिला पुढचं म्हणता येईना. काका वाट बघत होता, कारण त्याला पुढे काही येत नव्हतं.

"एवढंच होतं," तो म्हणाला. "सावलीचं नव्हतं तेव्हा."

"ते मी नंतर घातलं," आत्या म्हणाली. "तू गेल्यावर तुझ्या जागी त्या नाकात बोलणाऱ्या नटाला उभं केलं. त्याला काही येत नव्हतं. मग तुझंही मीच म्हणायला लागले. दोन्ही मीच." ती आश्चर्यानं स्वतःचंच बोलणं ऐकत होती. "म्हणता म्हणता माझंच झालं सगळं. तू बोलला होतास, हेच विसरले मी."

"आणि मी तुझं विसरलो," काका म्हणाला. "माझंच तेवढं लक्षात राहिलं."

आईनं नाक पुसलं. बाबा भिंतीकडे बघत होते. मास्तरीण टेबलाच्या कडेला टेकली होती. आपल्या प्रबंधातलं ते प्रकरण, त्यातल्या तळटीपा, वक्तृत्वाचे लॅटिन ग्रंथ, परीक्षकांनी केलेलं कौतुक, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. दुभंगलेलं मन वगैरे काही नव्हतं. दोन माणसं होती आणि त्यातलं एक निघून गेलं होतं.

"मग आता?" बाबा म्हणाले. "घालायचं की गाळायचं?"

"घालायचं," मास्तरीण म्हणाली.

"सकाळी तूच..."

"सकाळी मला माहीत नव्हतं. आता मला ते हवंय. दोघांना वाटून. मी प्रस्तावनेत सगळं लिहीन."

"एक अक्षर लिहायचं नाहीस," आत्या म्हणाली. "आणि नाटकातही नको. त्या नव्या मुलीला मी ते शिकवणार नाही. तुम्ही छापलंत, मी म्हटलं, झालं ते झालं. आता ते आमचं आम्हाला राहू दे."

"वन्सं, मघाशी तर तुम्ही..."

"मघाशी मला वाटत होतं ते नाटक आहे."

बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सकाळी बहीण भाषण मागत होती आणि लेक नाही म्हणत होती. आता लेक मागत होती आणि बहीण देत नव्हती. आपण कोणाच्या बाजूनं होतो हे त्यांना आठवेना. "म्हणजे ती बाई गप्पच आत जाणार," ते म्हणाले. "आणि लोक मला विचारणार, का गप्प? काय सांगू?"

"हो गं," आत्या मास्तरणीच्या शेजारी येऊन बसली. "ते तरी सांग. का बोलत नाही ती?"

"खात्रीनं कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं, ओळी हरवल्या. कोणी म्हणतं, नटाला आत जाऊन वेष बदलायचा होता." मास्तरणीनं ग्रीक पुस्तक पुढे ओढलं. "पण भाऊ जो शेवटचा शब्द म्हणतो ना, 'खाइरे', तो मोठा चमत्कारिक आहे. शब्दशः आनंदात राहा. पण लोक तो भेटल्यावरही म्हणायचे आणि निघतानाही. आणि कोणी तसं म्हटलं की उत्तर द्यायचं असतं, तूही. ते उत्तर ती देत नाही. एवढंच आहे तिथं. त्यानं म्हटलं, आणि तिनं उलट म्हटलं नाही."

"आणि तू त्याचं केलंस 'सुखी राहा'," आई म्हणाली.

"दुसरं काय करणार?"

"निघताना कोण म्हणतं असं? हे शुभेच्छापत्रावर छापतात."

मास्तरीण ओशाळली. आई म्हणत होती ते खरं होतं, पण दुसरा शब्द काही तिला सुचत नव्हता. महिनाभर सुचला नव्हता.

खाली सुतार परतले. कोणीतरी हातोड्याचे दोन ठोके मारून पाहिले. काकानं घड्याळाकडे नजर टाकली, खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला आणि एक हात बाहीत घातला. सकाळपासून पुष्कळ झालं होतं. त्याला आता हॉटेलातल्या खोलीत जाऊन एकटं पडून राहायचं होतं. दाराशी जाऊन तो नेहमीसारखं म्हणाला, "येतो."

मास्तरणीनं मान वर केली.

'ये' म्हणायला कोणालाच काही अडचण नव्हती. आई म्हणणारच होती. पण तिनं आत्याकडे पाहिलं आणि थांबली. बाबाही थांबले. उत्तर कोणी द्यायचं हे सगळ्यांना एकदम कळलं होतं. आत्या ग्रीक पुस्तकाच्या उघड्या पानावर हात ठेवून बसली होती. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं वर पाहिलं नाही आणि 'ये' म्हटलं नाही.

मास्तरणीनं पेन्सिल घेतली, 'सुखी राहा' खोडलं आणि वर 'येतो' लिहिलं.

काका दारात उभा होता. एक हात कोटात, एक बाहेर. त्यानं थोडी वाट पाहिली. मग मास्तरणीला विचारलं, आणि खरंच विचारत होता तो, "ती काही बोलली नाही, तर मी काय समजायचं?"

"मला नाही माहीत, काका."

"तू शिकवतेस ना हे?"

"शिकवते. पण माहीत नाही."

बाबांना राहवलं नाही. "ग्रीकमध्ये काय होतं पुढे?" त्यांनी विचारलं.

"ग्रीकमध्ये तो जातो," मास्तरीण म्हणाली.

काकानं बहिणीकडे पाहिलं. पुस्तकावरचा तिचा हात, वाकलेली मान, पांढरे झालेले केस. मग त्यानं कोटात घातलेला हात बाहेर काढला.

"मला ग्रीक येत नाही," तो म्हणाला, आणि येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला.